टीव्हीवरचा जादूगार व्हायचंय? नागपूर-विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौशी जादूगार, त्यांचे आईवडील आणि गणेश मंडळांचे कार्यकर्ते यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रयोगांची गुपितं शोधत आला असाल तर ती इथे नाहीत.

१. स्टेजवरची जादू आणि टीव्हीवरची जादू यात फरक काय? हात तेच, पत्ते तेच.

हात तेच असले तरी बघणारा वेगळा आहे. हॉलमध्ये तुम्ही डावीकडे बघितलं की सहाशे माणसं डावीकडे बघतात, तेवढ्यात उजवा हात आपलं काम उरकतो. लेन्स अशी फसत नाही. ती लावून दिली तिथेच बघत राहते, आणि तिने बघितलेलं पुढे कोणीही थांबवून, मागे नेऊन दहा वेळा बघू शकतो. उलट बाजूने, लेन्सला चौकटीबाहेरचं काहीच दिसत नाही आणि तिला एकच कोन असतो. हॉलमध्ये कडेच्या खुर्च्यांची जी भीती असते ती इथे कमी.

दुसरा फरक धंद्याचा. स्टेजवर वीस मिनिटांचा चांगला कार्यक्रम माणूस वर्षानुवर्षं गावोगावी करू शकतो. टीव्हीवर तोच कार्यक्रम एका संध्याकाळी संपतो (प्रश्न १० पाहा).

२. टीव्हीवर जादू सुरू कधीपासून झाली? भारतातलं कोण होतं?

जगभर गाजलेल्या सुरुवातीच्या प्रसंगांपैकी एक भारतीय जादूगाराचाच आहे. ९ एप्रिल १९५६ रोजी पी. सी. सरकार यांनी बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात दिप्ती डे या सहायिकेला यांत्रिक करवतीने कापण्याचा प्रयोग केला. प्रक्षेपण थेट होतं. करवत फिरली, मुलीने प्रतिसाद दिला नाही, तिच्यावर काळं कापड टाकलं गेलं, सूत्रधार रिचर्ड डिंबलबी पुढे आले आणि कार्यक्रम संपला. मुलगी मेली असं वाटून प्रेक्षकांनी इतके फोन केले की बीबीसीच्या लाइन तुंबल्या. दुसऱ्या दिवशी बातमी पहिल्या पानावर होती आणि त्याच सुमारास सरकारांचा लंडनमधल्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरचा हंगाम उभा होता. वेळ खरंच संपली की संपवली यावर जादूगार अजून वाद घालतात. धडा मात्र साधा आहे: थेट प्रक्षेपणात शेवटचे तीस सेकंद हेही एक साधन असतं. सरकारांना १९६४ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७१ मध्ये जपानच्या दौऱ्यावर असताना त्यांचं निधन झालं.

पुढचे टप्पे थोडक्यात: १९६० मध्ये अमेरिकेत मार्क विल्सन यांची साप्ताहिक मालिका, १९७५ मध्ये डग हेनिंग यांचा थेट प्रक्षेपित खास कार्यक्रम, १९७९ ते १९९४ ब्रिटनमध्ये पॉल डॅनियल्स, १९८३ मध्ये डेव्हिड कॉपरफिल्ड यांनी 'गायब' केलेला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आणि १९९७ मध्ये डेव्हिड ब्लेन यांनी कॅमेरा जादूगारावरून काढून रस्त्यावरच्या प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर नेला, तो बदल. आजच्या निम्म्या रील्स त्या शेवटच्या बदलाची नक्कल आहेत.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पण मराठी जादूगारांची खरी परंपरा रंगमंचाची. पुण्याचे जादूगार रघुवीर, म्हणजे रघुवीर भोपळे, आणि त्यांच्या घरातल्या पुढच्या दोन पिढ्या हे तिचं ठळक उदाहरण. पी. सी. सरकार ज्युनिअर यांनी १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आगगाडी आणि २००० मध्ये ताजमहाल 'गायब' केला. आजच्या पिढीत सुहानी शाह यांनी यूट्यूबवरून नाव कमावलं आणि २०२५ मध्ये इटलीतल्या तुरिनला झालेल्या 'फिजम' या जागतिक स्पर्धेत सर्वोत्तम मॅजिक क्रिएटरचा किताब घेतला.

३. टीव्हीवरची जादू म्हणजे सगळी एडिटिंगची कमाल असते ना?

काही ठिकाणी असते. म्हणूनच मार्क विल्सन यांनी १९६० मध्येच नियम घालून घेतला होता: स्टुडिओत खरे प्रेक्षक बसवायचे, प्रयोग चालू असताना कॅमेरा हलवून दुसरीकडे न्यायचा नाही, आणि कॅमेऱ्याची युक्ती वापरायची नाही. साठ वर्षांनंतरही याहून चांगला नियम कोणी केलेला नाही.

बघताना तीन गोष्टी तपासा. मोक्याच्या क्षणी दृश्य कापलं का? वस्तू हातातून चौकटीबाहेर जाऊन परत आली का? आश्चर्य करणारा माणूस पुढच्या भागातही दिसतो का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर तो प्रयोग जादूगाराने केला नाही, संकलकाने केला. साथीदार बसवणं ही वेगळी गोष्ट. एखाद्या जागी ते चालून जातं, पण अख्खा प्रेक्षकवर्ग विकत घेतलेला असेल तर ती जादू राहत नाही, नाटक होतं. स्वतः करताना हा मोह टाळा. एकदा 'हा एडिट करतो' असं पसरलं की तुमचा खरा प्रयोगही कोणी खरा मानत नाही.

४. नागपुरात राहून जमतं का, की मुंबईला जाऊनच राहावं लागतं?

सुरुवातीची पाच-सहा वर्षं नागपूर उलट बरं. मुंबईत चित्रीकरण भरपूर, पण हात बसवायला लागणारे खरे प्रेक्षक स्वस्तात मिळत नाहीत. इथे शाळांची स्नेहसंमेलनं, गणेश मंडळं, लग्नातले संगीत, कंपन्यांचे कौटुंबिक मेळावे यातून वर्षाला साठ-सत्तर प्रयोग उभे करणं मेहनती माणसाला जमतं. वसंतराव देशपांडे सभागृह, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह, लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सोसायटी सभागृह अशा वेगवेगळ्या आकारांच्या जागा आहेत. लहान हॉलपासून सुरुवात करा. दीड-दोन हजार खुर्च्यांच्या सभागृहात पत्त्यांचा प्रयोग मागच्या रांगेला दिसतच नाही. दूरदर्शनचं केंद्र सेमिनरी हिल्सवर आहे. स्थानिक कार्यक्रमांसाठी विषय, वेळ आणि साहित्य लिहून रीतसर प्रस्ताव द्या. नुसतं व्हॉट्सॲपवर रील पाठवून भागत नाही.

मुंबईचं बोलावणं आलं तर सामान मोठं असल्यास समृद्धी महामार्गाने गाडी नेणं सोपं. पूर्ण ७०१ किलोमीटर रस्ता जून २०२५ पासून खुला आहे. हातातल्या बॅगेत मावणारे प्रयोग असतील तर रेल्वे पुरे, पण प्रश्न १४ वाचून मगच बॅग भरा.

५. माझं बोलणं वऱ्हाडी वळणाचं आहे. टीव्हीवर चालेल का?

चालेल. 'काय करून राहिला?' म्हटल्यामुळे कोणी चॅनेल बदलत नाही. प्रयोग कळला नाही म्हणून मात्र बदलतात. सूचना देणारी वाक्यं ('पत्ता लक्षात ठेवा, मला दाखवू नका') सावकाश आणि प्रमाण ठेवा, गंमत घरच्या बोलीत करा. पाठ केलेली पुणेरी मराठी दुसऱ्या मिनिटाला उघडी पडते.

६. शून्यापासून सुरुवात करायची आहे. पहिल्या वर्षात काय शिकू?

पाच प्रयोग. जास्त नाही. एक पत्त्यांचा, एक नाण्याचा, एक दोरीचा, एक रुमालाचा आणि एक मनातलं ओळखण्याचा. प्रत्येक प्रयोग तीन टप्प्यांत बसवा: आधी आरशासमोर हात, मग मोबाइलवर चित्रित करून कोन, मग घराबाहेरच्या माणसांसमोर बोलणं. बहुतेक जण आरशावरच थांबतात आणि तिथे एक घोळ होतो. पत्ता लपवण्याच्या क्षणी आपण नकळत डोळे मिटतो, आणि आरशात स्वतःचे मिटलेले डोळे दिसत नाहीत! मोबाइलवर ते लगेच दिसतं.

रोज चाळीस मिनिटं पुरतात, पण रोज. रविवारी सलग चार तास केल्याने बोटं दुखतात, बसत नाहीत. पन्नास वेळा अनोळखी माणसांसमोर केल्याशिवाय कोणताही प्रयोग कॅमेऱ्यासमोर नेऊ नका. कारण पन्नासातल्या आठ-दहा वेळा काहीतरी वेगळंच घडलेलं असतं: कोणी पत्ता फाडतो, कोणी तो विसरतो, कोणी 'आधी मी पिसतो' म्हणून गड्डीच ओढतो. कॅमेऱ्यासमोर लागणारी उत्तरं त्याच आठ-दहा वेळांत तयार होतात.

रीतसर शिकायचं तर तिरुवनंतपुरमला गोपीनाथ मुतुकाड यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली मॅजिक ॲकॅडमी आहे. घरातून एवढं लांब पाठवायला पालक तयार नसतील तर जवळच्या एखाद्या कामाच्या जादूगाराची बॅग वर्षभर उचला. शिकण्याचा तो अजूनही सर्वांत पक्का रस्ता आहे.

७. सामान काय घेऊ, आणि नागपूरच्या हवेत ते टिकतं का?

पत्ते: पोकर आकाराचे, म्हणजे ६३ बाय ८८ मिलिमीटर, कागदी. साध्या दुकानातले गुळगुळीत प्लास्टिकचे पत्ते रमीला चांगले, जादूला नाहीत; ते एकसारखे पसरत नाहीत आणि दिव्याखाली चमकतात. महिन्याला दोन जोड धरून चाला.

रुमाल: कापड गांधीबागेत घ्या, पण 'सिल्क' म्हणून सिंथेटिक गळ्यात मारून घेऊ नका. अठरा इंची रुमाल मुठीत पूर्ण दाबून सोडा. खरं पातळ रेशीम हळूहळू फुलत वर येतं. सिंथेटिक एकतर चुरगळून पडून राहतं नाहीतर उसळून घसरतं. कडा बारीक गुंडाळून शिवून घ्या. जाड शिवणीने रुमालाची घडी जवळजवळ दुप्पट होते आणि तो लपत नाही.

पेट्या: बारा मिलिमीटर प्लायची अख्खी पेटी दोघांना उचलत नाही. सांगाडा लोखंडी चौकोनी नळीचा, भिंती सहा मिलिमीटरच्या, सगळं बोल्टने सुटणारं, खाली ब्रेक असलेली चार इंची चाकं. हिंगण्याच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे हे काम होतं. गुपित राहावं म्हणून एकाच कारागिराला सगळे भाग देऊ नका, दोघातिघांत वाटा. बनवण्याआधी सभागृहाच्या मागच्या दाराची रुंदी मोजा. हे सांगावं लागतं, कारण न मोजता बनवलेल्या पेट्या कोणाकोणाच्या अंगणात अजून पडून आहेत.

आता हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. बंद गाडीत त्याहून बराच जास्त. अशा गाडीत चिकटवलेलं लॅमिनेट सुटतं, मेण वितळून रुमालाला लागतं, रबराचे नकली अंगठे मऊ पडून आकार सोडतात. कोरड्या हवेत कागदी पत्ते धनुष्यासारखे वाकतात. गड्डी क्लिपमध्ये दाबून ठेवा. जुलैत उलटं होतं, पत्ते ओल धरून फुगतात आणि दोन-दोन एकत्र येतात. त्यासाठी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. एसी स्टुडिओत बोटं कोरडी पडून पत्ता घसरतो, तेव्हा ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात मिसळून दोन थेंब चोळायचे आणि पुसून टाकायचे.

८. लिंबातून नोट काढतात तसं नागपूरचं संत्रं वापरलं तर? भारी दिसेल ना?

दिसायला भारी, करायला त्रासाचं. आपल्या संत्र्याची साल सैल असते, आणि खाणाऱ्याला जे आवडतं तेच इथे नडतं: सालीला हात लागला की ती आतून सुटते, खड्डा पडतो आणि कॅमेरा तो पकडतो. फोडीही अलग होतात, त्यामुळे आत काही घट्ट बसत नाही. लिंबू आणि मोसंबी घट्ट, म्हणून तीच बरी. संत्रंच हवं असेल तर हंगामाच्या सुरुवातीचं, साल अजून चिकटलेली असतानाचं घ्या. आंबिया बहाराचं फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाचं फेब्रुवारी ते एप्रिल. प्रयोगाच्या दिवशी सकाळी आणा, फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. आणि नोटेवर सही पेन्सिलने घ्या. शाईची सही रसात पसरते, नोट त्याचीच आहे हे मालकालाही ओळखू येत नाही.

९. ऑडिशनला व्हिडिओ मागितलाय. कसा काढू? आणि निवड झालीच तर स्टुडिओत काय काय बिघडू शकतं?

व्हिडिओ: मोबाइल आडवा, तिपाईवर, छातीच्या उंचीला. चेहरा आणि दोन्ही हात पूर्ण वेळ चौकटीत. एकही कट नाही. नाव आणि गाव पाच सेकंदांत सांगून थेट प्रयोग, एकूण नव्वद सेकंद. संगीत लावू नका. त्यामागे कट लपवलाय असा संशय येतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. ३० फ्रेमवर ठेवलंत तर स्वस्त एलईडी आणि ट्यूबलाइटच्या उजेडात पडद्यावर पट्टे पळतात.

स्टुडिओत बिघडण्यासारखं बरंच आहे.

माइक. ध्वनिवाला येऊन कॉलरला माइक लावतो आणि त्याची डबी कमरेला मागे उजवीकडे अडकवतो, म्हणजे नेमकी जिथे तुमची वस्तू असते तिथे. आधीच सांगून डबी डावीकडे घ्या. आतल्या खिशात हात गेला की कापड माइकला घासतं आणि 'आत्ता काहीतरी घेतलं' हे घरबसल्या ऐकू येतं.

हिरवा पडदा. मागे क्रोमा, म्हणजे हिरवा रंग काढून तिथे दुसरं दृश्य भरायचा पडदा असेल तर हिरवा रुमाल हवेत भोक पडल्यासारखा दिसतो. आदल्या दिवशी विचारा. पांढराशुभ्र रुमाल उजळून त्याच्या घड्या दिसत नाहीत. पिवळा किंवा लाल घ्या. बारीक रेघांचा शर्ट पडद्यावर थरथरतो.

चमक. पत्ता लेन्सकडे सरळ धरला की दिवा त्यात दिसतो आणि आकडा वाचता येत नाही. वरची कड किंचित पुढे झुकवा. जिथे पत्ता दाखवायचा तिथे जमिनीवर टेपची खूण करून कॅमेरामनला फोकस बांधून ठेवायला सांगा.

बाजूचा कॅमेरा. यात सगळ्यात जास्त जण अडकतात. लाल दिवा (त्या क्षणी चालू असलेल्या कॅमेऱ्याची खूण) समोरच्या कॅमेऱ्यावर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आधी चित्रित करून ठेवायच्या कार्यक्रमात सगळे कॅमेरे सतत चित्रित करत असतात, आणि दोन आठवड्यांनी संकलक चेहरा चांगला दिसतो म्हणून बाजूचा शॉट घेतो. त्यात तुमचा तळहात उघडा असतो! दिग्दर्शकाला 'इथे कट करू नका' सांगून पुरत नाही, 'हा कॅमेरा या जागी नको' असं सांगा. तालमीच्या वेळी प्रत्येक कॅमेऱ्याच्या जागी स्वतः उभं राहून सहायकाला हालचाल करायला लावा. कोणत्या मिनिटाला कोणता शॉट हवा याचा एक पानी कागद द्या. दिग्दर्शक वैतागत नाहीत, त्यांचं काम हलकं होतं.

पुन्हा टेक. फाटणाऱ्या, जळणाऱ्या, सही होणाऱ्या प्रत्येक वस्तूचे किमान तीन संच. आणि ज्याच्या हातात चमत्कार घडणार त्या प्रेक्षकाची पहिलीच प्रतिक्रिया चित्रित होईल असं बघा. दुसऱ्या टेकला त्याचं 'अय्या!' शाळेच्या गॅदरिंगसारखं येतं.

१०. किती प्रयोग तयार असले तर टीव्हीकडे जावं? दाखवलेला प्रयोग परत करता येतो का?

एका अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटं उरतात. बोलणं धरून त्यात चार ते पाच प्रयोग बसतात. तेरा भागांची मालिका म्हटली तर साठ प्रयोग. पंधरा तयार असलेला माणूस चौथ्या भागात संपतो, मग बाजारातून आणलेला माल तालमीविना दाखवतो आणि तिथेच फसतो. म्हणून मालिकेपेक्षा आधी दुसऱ्यांच्या कार्यक्रमात पाच मिनिटांचा पाहुणा व्हा.

टीव्हीवर केलेला प्रयोग स्टेजवर करता येतो, उलट लोक 'तो टीव्हीवरचा करा' म्हणून मागतात. पण दुसऱ्या चॅनेलला तो नको असतो. तुमचा सर्वांत बळकट शेवट टीव्हीला देऊ नका, दुसऱ्या क्रमांकाचा द्या. पहिला हॉलसाठी राखून ठेवा, घर त्यावरच चालतं.

११. पैसे किती मिळतात? करारात काय बघावं?

ठरलेला भाव नाही, आणि स्थानिक कार्यक्रमात बहुधा मानधनापेक्षा प्रवासखर्चावरच बोळवण होते. टीव्ही तुमची स्टेजची किंमत वाढवतो, कमाई तिथून करा. निर्माते बहुधा १० टक्के टीडीएस कापतात. तो विवरणपत्र भरून परत मिळू शकतो, पण त्यासाठी पॅन क्रमांक बिनचूक द्या. वर्षाची सेवांची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते.

करारात चार कलमं वाचा: चित्रीकरणाचा हक्क कोणाचा, तीच क्लिप पुढे कुठे कुठे वापरणार, किती महिने दुसऱ्या चॅनेलवर तोच प्रयोग करायचा नाही, आणि संकलित भाग प्रक्षेपणाआधी तुम्हाला दाखवणार का. चौथं कलम नसतं. ते मागून घ्या. कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

१२. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. मग जादूचे प्रयोग बेकायदा नाहीत का?

नाहीत. हा २०१३ चा कायदा त्या वर्षीच्या डिसेंबरात नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार करून दाखवून पैसे मिळवणं आणि त्यांच्या प्रचारातून लोकांना फसवणं किंवा घाबरवणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. 'ही हातचलाखी आहे' असं सांगून करमणूक करणारा यात येत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते भोंदूंचे 'चमत्कार' स्वतः करून दाखवतात ते याच जोरावर.

अडचण येते ती मनातलं ओळखण्याच्या प्रयोगात. 'मला शक्ती प्राप्त आहे' म्हणालात, कोणाच्या आजाराचं, हरवलेल्या माणसाचं, नोकरीचं भाकीत केलंत, किंवा कार्यक्रमानंतर कोणाला खासगीत 'बघून' पैसे घेतलेत की तुम्ही जादूगार उरला नाहीत. टीव्हीवर सुरुवातीलाच 'ही हातचलाखी आहे' हे एक वाक्य बोला आणि ते कापू नये असं करारात लिहून घ्या. आजार बरा करण्याचा दावा असेल तर १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा केंद्रीय कायदाही लागू शकतो.

१३. ससा, कबूतर, पोपट वापरता येतात का?

पोपट, मुंगूस, साप विसरा. ते वन्यजीव कायद्याखाली येतात. माकड, अस्वल, वाघ, सिंह यांच्या प्रदर्शनाला बंदी आहे. पाळीव प्राणी किंवा पक्षी वापरायचा तर प्रयोगात वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या २००१ च्या नियमांनुसार नोंदणी आणि चित्रीकरणाआधी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. अर्ज वेळ खातो, म्हणून बरेच निर्माते 'प्राणी नको' म्हणतात. आपल्या उन्हाळ्यात कोटाच्या आत कोंडलेलं पाखरू दहा मिनिटांत धापा टाकतं, हेही लक्षात घ्या. स्पंजचा ससा वापरा, मुलं तेवढंच हसतात.

१४. आगीचे प्रयोग? फ्लॅश पेपर रेल्वेने नेता येतो?

नाही. फ्लॅश पेपर म्हणजे नायट्रोसेल्युलोज. ठिणगी लागली की क्षणात जळतो, राख राहत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली धोकादायक वस्तू नेणं गुन्हा आहे आणि विमानात तर प्रश्नच नाही. साठवायचा तो ओला करून, झाकणाच्या डब्यात, थंड जागी. त्या दिवशी लागतील तेवढेच तुकडे वाळवायचे, तेही उन्हात नाही, सावलीत. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नाही. स्टुडिओ किंवा सभागृहाची लेखी परवानगी, हाताशी ओलं कापड आणि अग्निशामक, सहायकाच्या अंगावर सुती कपडे. नायलॉनचा झगमगीत अंगरखा वितळून कातडीला चिकटतो.

१५. नाव व्हावं म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून सीताबर्डीतून मोटारसायकल चालवली तर? किंवा फुटाळ्यात साखळदंड बांधून उडी?

दोन्ही नको. पट्टी बांधून गाडी चालवणं हा गावोगावच्या जादूगारांचा जुना जाहिरातीचा फंडा आहे, पण सार्वजनिक रस्त्यावर तो मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणं ठरू शकतो, आणि बर्डीच्या गर्दीत समोर येणाऱ्याला तुमची पट्टी खोटी आहे हे माहीत नसतं. करायचंच तर बंद मैदानात, पोलिसांच्या लेखी परवानगीने.

पाण्यातून सुटका त्याहून वाईट. १६ जून २०१९ रोजी कोलकात्यात जादूगार चंचल लाहिरी साखळदंडांसह हुगळी नदीत उतरले आणि बुडून मरण पावले. नदीत किंवा तलावात दिसत नाही, तळाला गाळ आणि वेली असतात, सुटकेचा माणूस वेळेवर पोचत नाही. हा प्रयोग जिथे होतो तिथे काचेची टाकी असते, शेजारी कुऱ्हाड घेतलेला माणूस असतो आणि घड्याळावर एकाची नजर असते. हे तिन्ही नसेल तर प्रयोग नाही.

१६. मुलगा दहा वर्षांचा आहे, छान पत्ते करतो. त्याला टीव्हीवर पाठवू का?

पाठवा, पण कागद बघून. बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीविना तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मुलाच्या कमाईचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावावर मुदत ठेवीत टाकावा लागतो. निर्माता 'हे नंतर बघू' म्हणाला तर दुसरा निर्माता बघा. आणि मुलाचे हात लहान असतात: पोकर आकाराचा पत्ता तळहातात मावत नाही, त्याला ५७ मिलिमीटर रुंदीचे ब्रिज आकाराचे पत्ते द्या.

१७. माझा प्रयोग दुसऱ्याने टीव्हीवर केला. केस करता येते का?

नुसत्या युक्तीवर कॉपीराइट नसतो. पण लिहिलेली संहिता, ठरलेल्या हालचाली, संवाद यांना नाट्यकृती म्हणून संरक्षण मिळू शकतं. अमेरिकेत जादूगार टेलर यांनी सावली आणि गुलाबाचा आपला प्रयोग १९८३ मध्ये नोंदवून ठेवला होता, म्हणूनच २०१४ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा तुमचा प्रयोग संवादासह लिहून काढा, तारखेसह चित्रित करा, नोंदणी करा. पेटंटच्या वाटेला जाऊ नका: त्यात पद्धत जाहीर करावी लागते आणि वीस वर्षांनी हक्कही संपतो. हाच नियम तुम्हालाही लागू. डीलरकडून घेतलेल्या खोक्यावर बऱ्याचदा फक्त स्टेजवर करण्याचा हक्क येतो, प्रक्षेपणाचा वेगळा मागावा लागतो. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा.

१८. गुपितं उघड करणाऱ्या कार्यक्रमांमुळे धंदा बुडत नाही का?

१९९७ मध्ये अमेरिकेत मुखवटा घातलेल्या जादूगाराने मोठमोठ्या पेट्यांची गुपितं टीव्हीवर फोडली. पुढे मुखवट्यामागचे व्हॅल व्हॅलेंटिनो हे नावही बाहेर आलं. पेटीच्या भरवशावर जगणाऱ्यांना फटका बसला, हातावर आणि बोलण्यावर जगणाऱ्यांना फारसा नाही. बाईला कापण्याचा प्रयोग लंडनमध्ये पी. टी. सेल्बिट यांनी जानेवारी १९२१ मध्ये केला, शंभर वर्षं त्याची उकल छापली जाते आहे, तिकिटं तरी विकली जातात.

१९. कॅमेऱ्यासमोर प्रयोग फसला तर?

कार्यक्रम आधी चित्रित होत असेल तर थांबा, 'पुन्हा घेऊ' म्हणा, पण नवा प्रेक्षक आणि नवी गड्डी मागा. त्याच माणसाला अर्धं गुपित दिसलेलं असतं. थेट प्रक्षेपण असेल तर प्रत्येक प्रयोगाला आधीच एक 'सुटका' बसवलेली हवी: चुकीचा पत्ता निघाला तर तोच पुढच्या प्रयोगाची सुरुवात ठरेल अशी. घरी बसून लोक शेवट काय होणार हे जाणत नसतात. तुमच्या चेहऱ्याने सांगितलं नाही तर चूक झाली हे कळतच नाही. माफी मागू नका, हसू नका, हातातली वस्तू शांतपणे टेबलावर ठेवा, पुढचं घ्या.

२०. पडद्यामागचं चित्रीकरण करू द्यावं का? सेटवर सगळेच मोबाइल घेऊन असतात.

प्रसिद्धीसाठी मेकअप, सूत्रधाराबरोबरच्या गप्पा, गड्डी पिसताना हात एवढं करू द्या. सामान लावताना आणि काढताना कोणाचाही मोबाइल नको. सेटवर पंचवीस-तीस माणसं असतात आणि मागे उभा असलेला प्रकाशवाला तुमची पाठ बघत असतो, जी प्रेक्षकाला कधी दिसत नाही. फ्लोअर मॅनेजरला सकाळीच सांगून मोबाइल बाजूला ठेवायला लावा, सामानावर काळी चादर टाका आणि पेट्यांपाशी आपला एक माणूस जेवणाच्या सुट्टीतही बसवून ठेवा. त्याचा डबा तिथेच पोचवा.